पाहण्याचे ऋण

‘स्वयंशिक्षित’ हा शब्द आपल्याकडे बहुधा कौतुकाने उच्चारला जातो. शाळेची पायरी न चढता, किंवा ती मध्येच सोडून, एखाद्या विद्येत प्रावीण्य मिळवणाऱ्या माणसाविषयी समाजाला आदर वाटतो, आणि तो योग्यही आहे. परंतु या कौतुकात एक गैरसमज दडलेला असतो. स्वतः शिकलेला माणूस सर्व काही एकट्याच्या बळावर मिळवतो आणि म्हणून तो कोणाचाही ऋणी नसतो, असे गृहीत धरले जाते. त्यातून तो माणूस दूरच्या बेटावर राहणारा आणि निर्जन डोंगरदऱ्यांची छायाचित्रे काढणारा असेल, तर या समजुतीला अधिकच बळ मिळते. चहूकडे समुद्र, मध्ये एक बेट, त्यावर खांद्याला कॅमेरा अडकवून हिंडणारा एकटा कलावंत, असे एक मोहक चित्र मनात तयार होते. हे चित्र कितपत खरे आहे, हे तपासून पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर राहिलेल्या दोन छायाचित्रकारांचे जीवन त्यासाठी उपयोगी पडते. ओलेगास त्रुखानास आणि पीटर डोम्ब्रोव्हस्किस ही त्यांची नावे.

टास्मानिया हे ऑस्ट्रेलियाचे एक राज्य. मुख्य भूमीच्या दक्षिणेस असलेले हे बेट बासच्या सामुद्रधुनीमुळे तिच्यापासून वेगळे झालेले आहे. आकाराने ते साधारणतः श्रीलंकेएवढे, म्हणजे सुमारे ६८,००० चौरस किलोमीटर. राजधानीचे शहर होबार्ट. बेटाचा पूर्व भाग तुलनेने कोरडा आणि वस्तीचा. नैर्ऋत्य भाग मात्र डोंगरांचा, दाट अरण्यांचा आणि अविरत पावसाचा. दक्षिण महासागरावरून येणारे पश्चिमी वारे येथे कशालाही न अडता धडकतात. काही तासांच्या अंतराने ऊन, धुके, पाऊस आणि बर्फ असे सारे ऋतू एकाच डोंगरावर अनुभवास येतात. या भागात रस्ते फार थोडे. तेथील नद्यांचे पाणी गवताळ दलदलींतून झिरपत येत असल्यामुळे चहासारखे तांबूस दिसते. अशा प्रदेशात कॅमेरा घेऊन जायचे, तर आधी चालायला, नाव वल्हवायला, भिजत राहायला आणि वाट पाहायला शिकावे लागते. ही विद्या पुस्तकातून येत नाही. ती त्या भूमीपाशीच शिकावी लागते.

त्रुखानास यांचा जन्म १९२३ मध्ये युरोपातील लिथुआनिया या देशात झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांचा देश परचक्राखाली भरडून निघाला आणि त्यांना जन्मभूमी सोडावी लागली. जर्मनीतील निर्वासितांचे दिवस काढून १९४८ मध्ये ते टास्मानियात पोहोचले. त्या काळी आलेल्या निर्वासितांना सरकार सांगेल ते काम ठरावीक काळ करावे लागे. कायद्याचा अभ्यास केलेल्या या तरुणाला जस्ताच्या कारखान्यात मजुरी करावी लागली. पुढे त्यांना बेटावरील जलविद्युत आयोगात नोकरी मिळाली. सुटीचे दिवस ते नैर्ऋत्येच्या रानात घालवीत. १९५८ मध्ये त्यांनी पेडर सरोवरापासून एकट्याने नाव हाकत, सर्पेंटाइन आणि गॉर्डन या नद्यांच्या खडतर घळींतून पश्चिम किनाऱ्यापर्यंत प्रवास केला. ज्या प्रदेशाचे नकाशेदेखील तेव्हा अपुरे होते, तो प्रदेश त्यांनी आपल्या पायांनी आणि वल्ह्यांनी वाचला. त्या वाचनाच्या नोंदी म्हणजे त्यांची छायाचित्रे.

येथे स्वयंशिक्षणाचे पहिले लक्षण दिसते. त्रुखानास यांच्यापुढे अभ्यासक्रम नव्हता, परीक्षा नव्हती, पदवीही मिळायची नव्हती. तथापि शिस्त होती, आणि ती शाळेतील शिस्तीपेक्षा कठोर होती. नदीच्या प्रवाहाचा अंदाज चुकला तर नाव उलटते; ढगांची चाल ओळखता आली नाही तर रात्र थंडीत काढावी लागते; प्रकाश कोणत्या क्षणी डोंगराच्या कड्यावर येईल हे ठाऊक नसेल तर दिवसभराची पायपीट वाया जाते. शाळेत चुकीच्या उत्तरावर लाल रेघ येते आणि गोष्ट तेथेच संपते. रानात चुकीचे मोल तत्काळ चुकवावे लागते. म्हणूनच स्वतः शिकणे म्हणजे मनाला येईल तसे शिकणे, हा समज टिकत नाही. उलट, ज्याच्यावर देखरेख करणारा कोणी नाही, त्याला स्वतःवरच अधिक कडक देखरेख ठेवावी लागते.

त्रुखानास यांच्या जीवनातील विरोधाभास त्यांच्या नोकरीतच होता. ज्या आयोगात ते काम करीत, त्याच आयोगाने पेडर सरोवराच्या परिसरात जलविद्युत प्रकल्प आखला. डोंगरांच्या कुशीतले हे सरोवर आकाराने फार मोठे नव्हते. पण त्याच्या काठावर गुलाबी छटेच्या गारगोटीच्या वाळूचा रुंद किनारा पसरलेला होता. १९५५ मध्ये या परिसराला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला होता. तरीही १९६७ मध्ये सरोवर धरणाच्या पाण्याखाली जाणार हे निश्चित झाले. त्याच वर्षाच्या फेब्रुवारी महिन्याच्या ७ तारखेला दक्षिण टास्मानियात भीषण वणवा पेटला. साठाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, शेकडो घरे जळाली. त्यांत त्रुखानास यांचेही घर होते. वर्षानुवर्षे जमवलेल्या छायाचित्रांच्या पारदर्शिका, म्हणजे पडद्यावर दाखवता येणाऱ्या फिल्मच्या चौकटी, त्या आगीत नष्ट झाल्या.

एखाद्याने येथे हात टेकले असते, तर त्याला दोष देता आला नसता. पारदर्शिकेची दुसरी प्रत नसते; गेली ती गेली. त्रुखानास मात्र पुन्हा पहिल्यापासून त्याच वाटांनी चालू लागले. या खेपेस त्यांच्यापाशी वेळ मोजका होता, कारण सरोवराचेच दिवस भरत आले होते. त्यांनी काढलेली चित्रे होबार्टच्या नगरभवनात पडद्यावर दाखवली गेली, तेव्हा ती पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली. ज्यांनी सरोवर कधी पाहिले नव्हते आणि पुढे कधी पाहू शकणार नव्हते, त्यांनी ते तेथे पाहिले. डेनिसन नदीकाठी उभ्या असलेल्या, शतकानुशतके वाढत आलेल्या ह्युऑन पाइन वृक्षांचे एक वन त्यांच्याच प्रयत्नांमुळे राखीव झाले आणि आज ते त्यांच्या नावाने ओळखले जाते. पेडर सरोवर मात्र वाचले नाही. जानेवारी १९७२ मध्ये गॉर्डन नदीवर छायाचित्रे काढण्यासाठी गेलेले त्रुखानास प्रवाहात बुडून मृत्यू पावले. त्याच वर्षी सरोवर पाण्याखाली गेले. मूळ सरोवराच्या कितीतरी पट मोठ्या असलेल्या त्या जलाशयाला आजही पेडर सरोवर असेच म्हणतात. नाव राहिले, आणि ज्याचे ते नाव होते ते मात्र बुडाले.

त्रुखानास यांचा मृतदेह ज्याने शोधून काढला, तो तरुण म्हणजे पीटर डोम्ब्रोव्हस्किस. त्यांचा जन्म १९४५ मध्ये जर्मनीत, लाटव्हियाहून परागंदा झालेल्या आईबापांच्या पोटी झाला. युद्धाच्या धामधुमीत वडील हरवले. १९५० मध्ये आई या लहानग्याला घेऊन ऑस्ट्रेलियात आली आणि पुढे मायलेक टास्मानियात स्थिरावले. आईने दिलेल्या एका लहान कॅमेऱ्याने त्यांच्या छायाचित्रणाचा आरंभ झाला. ही कला त्यांनी प्रामुख्याने स्वतःच आत्मसात केली. परंतु ‘स्वतःच’ या शब्दाचा अर्थ येथे नीट समजून घ्यायला हवा. नाव कशी हाकावी, रानात कसे वावरावे, आणि डोंगराकडे उपभोगाच्या नव्हे तर आदराच्या दृष्टीने कसे पाहावे, हे त्यांना त्रुखानास यांच्या सहवासात उमगले. बाल्टिक समुद्राकाठच्या दोन उद्ध्वस्त देशांतून आलेली ही दोन माणसे. त्यांपैकी एकाला दुसऱ्याने पित्याच्या ठायी मानले. त्यांच्यामध्ये गुरुदक्षिणेचा करार नव्हता, वर्ग नव्हता, हजेरीपट नव्हता. तरीही विद्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

डोम्ब्रोव्हस्किस यांची कामाची पद्धत लक्षात घेतली, म्हणजे ही विद्या कोणत्या जातीची होती हे कळते. ते मोठ्या आकाराचा कॅमेरा वापरीत. त्यात फिल्मची गुंडाळी नसे. सुमारे चार इंच रुंद आणि पाच इंच लांब असा फिल्मचा एकेक सुटा ताव घालावा लागे. कॅमेरा, भिंगे, तिपाई, फिल्म, तंबू आणि अनेक दिवसांचा शिधा असे ओझे पाठीवर घेऊन ते डोंगर चढत. जागेवर पोहोचल्यावर तिपाई रोवायची, डोक्यावर काळे कापड घ्यायचे आणि कॅमेऱ्याच्या मागील दुधी काचेवर उमटलेली प्रतिमा निरखायची. ही प्रतिमा उलटी दिसते, म्हणजे आकाश खाली आणि नदी वर. अशा उलट्या चित्रात प्रत्येक दगड, प्रत्येक फांदी, प्रत्येक सावली योग्य ठिकाणी आहे की नाही, हे तपासावे लागते. जवळच्या शेवाळापासून दूरच्या कड्यापर्यंत सारे स्पष्ट यावे म्हणून भिंगाचे छिद्र अगदी बारीक ठेवावे लागते. छिद्र बारीक म्हणजे प्रकाश कमी, आणि प्रकाश कमी म्हणून भिंग अधिक वेळ उघडे ठेवणे आले. तेवढ्या वेळात वाहते पाणी चित्रात रेशमासारखे मऊ होऊन उमटते, आणि वाऱ्याने एक पान हलले तरी ते पुसट होते. म्हणून वारा थांबण्याची वाट पाहायची. कधी तो दिवसभर थांबत नाही. मग चित्र न काढताच परतायचे.

या पद्धतीत घाईला स्थान नाही, आणि चित्रांच्या संख्येलाही नाही. एका जागी पुन्हा जावे, वेगळ्या ऋतूत जावे, वेगळ्या प्रहरी जावे, आणि दर खेपेस आपण मागच्या वेळी काय पाहिले नव्हते हे शोधावे, असा हा अभ्यास आहे. बेटावर राहण्याचा खरा लाभ येथे दिसून येतो. बेट माणसाला मर्यादा घालून देते. जगातील सर्व डोंगर पाहण्याचा हव्यास सोडून समोरचा एक डोंगर शंभरदा पाहण्यास ते भाग पाडते. मर्यादा म्हणजे उणीव, असे आपण सहसा मानतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र मर्यादा हा पुष्कळदा आधार ठरतो. ज्याच्यापाशी एकच पुस्तक असते, तो ते नीट वाचतो.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस टास्मानियाच्या जलविद्युत आयोगाने पुढील प्रकल्प हाती घेतला. गॉर्डन आणि फ्रँकलिन या नद्यांच्या संगमाखाली धरण बांधावयाचे होते. त्यामुळे फ्रँकलिन नदीचा मोठा भाग पाण्याखाली जाणार होता. डिसेंबर १९८१ मध्ये राज्यात जनमत घेण्यात आले. मतपत्रिकेवर कोणते धरण हवे एवढाच प्रश्न होता. धरणच नको असे म्हणण्याची सोय तीत नव्हती. तरीही सुमारे एक तृतीयांश मतदारांनी ‘धरण नको’ असे आपल्या हाताने मतपत्रिकेवर लिहिले. डिसेंबर १९८२ मध्ये या प्रदेशाचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला आणि त्याच सुमारास नदीवर सत्याग्रह सुरू झाला. बाराशेहून अधिक लोकांना अटक झाली. या चळवळीचे नेतृत्व बॉब ब्राऊन या डॉक्टरांकडे होते.

डोम्ब्रोव्हस्किस यांनी या नदीवरून प्रवास करून तिची चित्रे काढली होती. त्यांपैकी एका चित्रात पहाटेच्या धुक्यातून नदी वळण घेताना दिसते. प्रवाहाच्या मधोमध एक खडकाळ बेट उभे आहे, मागे अरण्य धुक्यात विरून गेले आहे, आणि पाणी खडकांना वळसा घालून फेसाळत वाहत आहे. मार्च १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय निवडणूक झाली. मतदानापूर्वी हे चित्र सिडनी आणि मेलबर्न येथील वृत्तपत्रांत पानभर रंगीत जाहिरातीच्या रूपाने प्रसिद्ध झाले. हे नष्ट करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत देणार का, अशा आशयाचा प्रश्न त्याखाली होता. धरणाला विरोध करणारा मजूर पक्ष निवडून आला. त्याच्या सरकारने धरण रोखणारा कायदा केला, राज्य सरकारने त्याला आव्हान दिले, आणि १ जुलै १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी केंद्र सरकारच्या बाजूने निर्णय दिला. फ्रँकलिन नदी आजही मुक्तपणे वाहते.

एका छायाचित्राने नदी वाचवली, असे यावर म्हटले जाते. हे विधान ऐकायला गोड असले तरी ते जसेच्या तसे स्वीकारणे योग्य नाही. त्या निवडणुकीत बेकारीसह अर्थव्यवस्थेचे इतरही प्रश्न होते. न्यायालयाचा निर्णय चित्राच्या सौंदर्यावर आधारलेला नव्हता; जागतिक वारशाविषयीचा आंतरराष्ट्रीय करार पाळण्याचा केंद्राला अधिकार आहे की नाही, या घटनात्मक प्रश्नावर तो उभा होता, आणि तोदेखील एका मताच्या फरकाने झाला. शिवाय पेडर सरोवराची चित्रे सुंदर नव्हती असे थोडेच आहे! तरीही ते सरोवर बुडाले. १९७२ आणि १९८३ या दोन वर्षांमध्ये फरक पडला तो लोकांच्या संघटनेमुळे, कायद्याच्या आधारामुळे आणि पहिल्या पराभवातून मिळालेल्या शहाणपणामुळे. चित्राने केले ते इतकेच, की ज्यांना त्या नदीपर्यंत कधीच पोहोचता येणार नव्हते, अशा लक्षावधी मतदारांच्या डोळ्यांपुढे त्याने ती नदी आणून ठेवली. आपण कशाविषयी निर्णय घेत आहोत, हे त्यांना दिसले. लोकशाहीत हे काम लहान नाही. मात्र ते एकट्याने पूर्ण होणारेही नाही.

या चित्रांविषयी दोन आक्षेप घेतले जातात, आणि त्यांचा विचार न करता पुढे जाणे अन्यायाचे होईल. पहिला आक्षेप उपजीविकेचा. धरण म्हणजे वीज, कारखाने आणि रोजगार अशी टास्मानियातील अनेक कुटुंबांची प्रामाणिक धारणा होती. शहरातील लोकांना सुंदर चित्रे पाहून समाधान मिळेल, पण त्यासाठी कामगाराने आपली भाकरी का गमवावी, हा त्यांचा प्रश्न होता. या प्रश्नाला छायाचित्र उत्तर देऊ शकत नाही. ते उत्तर शासनाने द्यावयाचे असते. केंद्र सरकारने प्रकल्प थांबवल्यावर राज्याला भरपाई दिली, ती याच कारणाने. तरीही एक भेद विसरता येत नाही. वीज अन्य मार्गांनी मिळवता येते, रोजगार अन्य उद्योगांतून उभा करता येतो. बुडालेली घळ मात्र दुसरीकडे बांधून मिळत नाही. जेथे नुकसान भरून येणारे नसते, तेथे निर्णयाआधी नीट पाहणे हे कर्तव्य ठरते.

दुसरा आक्षेप अधिक खोलवरचा आहे. या चित्रांत माणूस दिसत नाही. खडक, पाणी, वृक्ष आणि धुके यांखेरीज तेथे कधी कोणी नव्हतेच, असा भास ती चित्रे निर्माण करतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. फ्रँकलिनच्या खोऱ्यात कुटिकिना नावाची गुहा आहे. १९८१ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा हिमयुगातील मानवी वस्तीचे पुरावे तेथे मिळाले. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी त्या गुहेत माणसे चूल पेटवीत होती, दगडाची हत्यारे घडवीत होती. त्यांचे वंशज असलेल्या मूलनिवासींवर एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतवाद्यांनी अनन्वित अत्याचार केले. ते पूर्णपणे नामशेष झाले असेही पुढे सांगितले जाऊ लागले. प्रत्यक्षात त्यांचे वारस आजही टास्मानियात आहेत आणि आपल्या भूमीवरील हक्क सांगत आहेत. ज्याला छायाचित्रकार ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणतो, ते कोणाचे तरी घर होते. धरणाच्या पाण्यात ही गुहाही गेली असती. न्यायालयापुढे जे पुरावे मांडले गेले, त्यांत तिचाही समावेश होता.

हा आक्षेप मान्य करायलाच हवा. त्यामुळे डोम्ब्रोव्हस्किस यांची थोरवी कमी होत नाही, पण त्यांच्या दृष्टीची सीमा कळते. कॅमेरा समोर असेल तेच टिपतो. जे पूर्वी तेथे होते आणि बळाने हटवले गेले, ते त्याला दिसत नाही. ते पाहण्यासाठी इतिहास वाचावा लागतो, दुसऱ्याचे ऐकावे लागते. स्वतः शिकणाऱ्याच्या वाटेवरील मोठा धोका येथेच आहे. आपल्या डोळ्यांना दिसले तेवढेच सत्य, असे त्याला सहज वाटू लागते. शाळेत निदान शेजारच्या बाकावरचा विद्यार्थी वेगळे उत्तर देतो. एकट्याने शिकणाऱ्याला ते वेगळे उत्तर स्वतःहून शोधत जावे लागते.

डोम्ब्रोव्हस्किस यांच्या आणखी एका निवडीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. त्यांनी आपली चित्रे श्रीमंतांच्या दालनांपुरती ठेवली नाहीत. स्वतःची प्रकाशनसंस्था काढून त्यांनी दिनदर्शिका, भेटकार्डे आणि पुस्तके छापली. कलेच्या क्षेत्रातील काही जाणकार अशा छपाईला कमी लेखतात. पण दिनदर्शिका स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगली जाते. दुधाचा हिशेब, सणवार आणि मुलांच्या परीक्षा यांच्या शेजारी ती महिनाभर राहते. दररोज नकळत तिच्याकडे नजर जाते आणि दूरची नदी हळूहळू घरातल्या माणसासारखी ओळखीची होते. ओळखीच्या वस्तूचा नाश माणूस सहजासहजी सहन करत नाही. म्हणून या साध्या छपाईचे सामर्थ्य भव्य प्रदर्शनापेक्षा कमी मानता येत नाही. पुढे मानसन्मानही आले. २००३ मध्ये अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय छायाचित्रण कीर्तिदालनात स्थान मिळवणारे ते पहिले ऑस्ट्रेलियन छायाचित्रकार ठरले. २००७ मध्ये त्यांच्या तीन हजारांहून अधिक पारदर्शिका ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्या संग्रहात घेतल्या. हे पाहायला ते स्वतः मात्र नव्हते. मार्च १९९६ मध्ये वेस्टर्न आर्थर या डोंगररांगेत छायाचित्रणासाठी गेले असता हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले होते. तेव्हा त्यांचे वय ५१ वर्षांचे होते.

आज बहुतेकांच्या खिशात कॅमेरा आहे. फिल्मचा खर्च नाही, वजन नाही, चित्र बिघडले तर पुसून टाकण्याची सोय आहे. साधने स्वस्त झाली ही आनंदाची गोष्ट आहे, कारण ज्यांना पूर्वी कॅमेरा हातात धरणेही शक्य नव्हते त्यांना आता तो मिळाला आहे. परंतु साधन हाती आले म्हणजे दृष्टी येते असे नाही. एखाद्या प्रसिद्ध स्थळी जाऊन, इतरांनी काढलेलेच चित्र घाईघाईने काढून परतणे, हे पाहणे नव्हे. आपल्या गावाबाहेरचा ओढा, वस्तीमागची टेकडी, घरासमोरचे झाड वर्षभर वेगवेगळ्या वेळी पाहून त्यात काय बदलते याची नोंद ठेवणे, हा अधिक अवघड आणि अधिक फलदायी अभ्यास आहे. त्यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही. कधी वही आणि पेन्सिलही पुरते. ओढ्याचे पाणी कोणत्या महिन्यात आटते, पूर्वी ते कधी आटत असे, टेकडीवरची माती कोठे वाहून जाते, याची नोंद ज्याच्यापाशी आहे, त्याचे म्हणणे उद्या ग्रामसभेत किंवा कचेरीत ऐकले जाण्याची शक्यता अधिक असते. अशी नोंद करणारा माणूस पदवीधर आहे की नाही, हे तेथे गौण ठरते. प्रत्यक्ष पाहून मिळवलेले ज्ञान हा नागरिकाचा मोठा आधार आहे.

जे प्रौढपणी, कामधंदा सांभाळून, वर्गाबाहेर राहून शिकतात, त्यांना आपल्या शिक्षणाविषयी कधीकधी संकोच वाटतो. टास्मानियातील या दोघांचे उदाहरण तो संकोच दूर करण्यास पुरेसे आहे. निर्वासित म्हणून आलेला एक कारखान्यातील मजूर आणि वडिलांचे छत्र हरपलेला एक मुलगा यांनी आपल्या वाट्याला आलेले बेट इतक्या निष्ठेने पाहिले, की तेथेच जन्मलेल्या लोकांनाही त्यांच्यामुळे आपली भूमी नव्याने दिसली. मात्र याच उदाहरणात एक जबाबदारीही सांगितलेली आहे. त्रुखानास यांनी जे मिळवले ते डोम्ब्रोव्हस्किस यांना दिले. डोम्ब्रोव्हस्किस यांनी ते घराघरांच्या भिंतींपर्यंत पोहोचवले. आणि त्यांना जे दिसले नव्हते ते इतिहासकारांनी आणि मूलनिवासींनी पुढे दाखवून दिले. ज्या भूमीने शिकवले तिच्यासाठी बोलणे, ज्याने हात धरला त्याचे काम पुढे नेणे, आणि आपल्या नजरेतून निसटलेले कोणी दाखवून दिले तर ते मान्य करणे, या तीन गोष्टींनी स्वयंशिक्षणाचे ऋण फिटते. ते फेडणाऱ्याच्या हाती प्रमाणपत्र असो वा नसो, त्याला सुशिक्षित म्हणण्यास कोणाचीही हरकत असू नये.